दिवेलागणीला दिवे जायचे

लग्न होऊन मी करावे गावात आले तेव्हा सासरच्या बंगल्यात सगळ्यात जास्त कौतुक व्हायचं ते हॉलच्या भिंतीवरच्या एका डोळ्याचं. नव्या सुनेचं नाही, हे आधीच सांगून टाकते. डोळा म्हणजे काळपट लाल काचेची, काड्यापेटीएवढी डबी. नवऱ्याचा रेती-सिमेंटचा सप्लाय, त्यामुळे बिल्डरांकडे उठबस. वाशीच्या कुठल्याशा सॅम्पल फ्लॅटमध्ये त्याने ती वस्तू पाहिली, आणि लगोलग आणून आमच्या देव्हाऱ्याच्या बरोबर वर बसवून घेतली. संध्याकाळी अंधारून आलं की हॉलचे दिवे आपोआप लागायचे. हाताने बंद-चालू करायचे तर त्याचा वेगळा रिमोट होता. तो मात्र प्लास्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये, पाहुण्यांना दाखवण्यापुरता.

नव्वदीची अखेर होती ती. खाडीकाठची शेतं आणि मिठागरं जाऊन तिथे इमारती उभ्या राहत होत्या आणि गावात ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही नवीन येत होतं. कुणाकडे गाडी, कुणाकडे संगमरवरी जिना, आमच्याकडे डोळा. गल्लीतल्या बायका संध्याकाळी मुद्दाम दिवे लागताना बघायला यायच्या आणि सासूबाई त्यांना चहा पाजायच्या.

सासूबाई बडबड्या आणि कामाला वाघ. सासरे त्याच्या उलट. मिठागरात आणि भातखाचरात जन्म काढलेला तो दणकट माणूस, पण माझ्या लग्नाच्या वर्षभर आधी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा पाय पुष्कळसा सुधारला. जीभ जड राहिली, एखाद-दुसरा शब्द कसाबसा यायचा. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. बोटं आत वळलेली, त्या वळलेल्या बोटांत टीव्हीचा रिमोट बसवून दिलेला, आणि अंगठा तेवढा चालायचा. तेवढ्या अंगठ्यावर ते दिवसभर चॅनेल बदलत बसायचे. नेरूळहून व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांच्यासमोर ते डोळे मिटून घ्यायचे. शेवटी त्यांनीच यायचं सोडलं. हा हात आता उठायचा नाही, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

दिवेलागणीचा मान माझ्याकडे आला. नवी सून, अंगाची हळद उतरली नव्हती. सासूबाईंनीच पहिल्या दिवशी हाक मारली, "बाय, दिवा लाव. तिन्हीसांज झाली." मी डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढायचे, समई लावायचे, देवाला हात जोडायचे. सासूबाई माझ्या शेजारी देवाकडे तोंड करून, डोळे मिटून पुटपुटत उभ्या. सासरे टीव्हीचा आवाज बंद करून खुर्चीतच देव्हाऱ्याकडे वळायचे. मग मी जाऊन आधी सासऱ्यांच्या पाया पडायचे, नंतर सासूबाईंच्या. रीतच तशी, माझ्या माहेरीही हेच.

आणि मी सासऱ्यांच्या पायाशी वाकले की हॉलचे दिवे जायचे.

पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही हसलो. लाईट गेली म्हणून सासूबाई मेणबत्ती शोधायला निघाल्या आणि दारातच थांबल्या. "पंखा चालू हाय," त्या म्हणाल्या. पंखा फिरत होता, टीव्हीवर मुकी माणसं हातवारे करत होती. अंधार फक्त दिव्यांपुरता होता. बोर्डावरचं बटण बंद करून परत चालू केलं तेव्हा दिवे आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गेले नाहीत, मला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा गेले. हसणं कधी थांबलं ते नेमकं आठवत नाही, पण नंतर नंतर मी समईत तेल घालायला लागले की सासूबाईंचं पुटपुटणं मोठं व्हायचं.

मग माझी पाळी आली. त्या दिवसांत दिव्याला शिवायचं नाही, तेव्हा सासूबाईंनी दिवा लावला. मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, जाऊ दे, एकदा तरी जाऊ दे. दिवे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, तिसऱ्याही नाहीत. मी न्हाऊन परत समई लावली, वाकले आणि हॉल काळोखात बुडाला. अंधारात सासूबाईंच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. मला त्या वेळी जी भीती वाटली तशी जन्मात कधी वाटली नव्हती, कारण क्षणभर माझाही विश्वास बसला.

आमच्याकडे दिवा 'विझला' म्हणत नाहीत. दिवा मालवतात, शांत करतात, त्याला निरोप देतात. शेंबडं पोरही तो शब्द तोंडातून काढत नाही. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडे सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "काय सांगू तुना, तिनी हात लावला का विझतं."

हातातली चादर मी तशीच चिखलात टाकली. माझा राग वाईट, माहेरी सगळे मला घाबरून असायचे. पण त्या दिवशी नुसता राग नव्हता. माझ्या बाबतीत त्या घरातला शब्द बदलला होता आणि तो कुणी परत बदलून देणार नव्हतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला जवळ बसवलं. नणंद बाळंतपणाला येणार होती. तिची आधीची दोन पोटातच गेली होती, आता सातवा सरत आला होता. "ऐतवारी पोर येतेय," सासूबाई म्हणाल्या. "मना आथा धीर नाय, बाय. तू चार दीस माहेरी जासईला जा. रागावू नको."

"आणि परत कवा येऊ?"

"बघू. पोरीची सुटका होऊ दे."

त्या काही दुष्टपणे बोलत नव्हत्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, डोळ्यांत पाणी होतं, आणि म्हणूनच मला त्यांच्याशी भांडताही येईना. पण 'चार दीस' म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं. जासईला आमच्या आळीत एक आत्या होती, अशीच चार दिवसांसाठी माहेरी पाठवलेली. कंटेनरची यार्डं यायच्या आधी आली होती ती. भाताच्या जागी रांगेने कंटेनर उभे राहिले, तिचे केस पांढरे झाले, तरी तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. बाळंतपणात काही बरंवाईट झालं असतं तर माझंही तेच होणार होतं. सगळं नीट झालं असतं तरी तेच. सून नव्हती म्हणून नीट झालं, असं म्हणाले असते.

मी बारावी सायन्स. पुढे शिकवलं नाही, पण फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आमच्या बाईंनी एक गोष्ट डोक्यात बसवली होती. एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. रविवारच्या आत मला तेच करायचं होतं.

आधी नवऱ्याला सांगून डोळा बसवणाऱ्याला बोलावलं. तो वाशीहून भर दुपारी आला, स्टुलावर चढला, डोळ्यावर तळहात धरला. अंधार झाला असं समजून दिवे लागले. शोकेसमधला रिमोट दाबला, दिवे गेले. परत दाबला, आले. "एकदम ओके हाय वहिनी. टेन्शन नका घेऊ."

"मग संध्याकाळीच का जातात?"

त्याने खाली उतरून समईकडे बघितलं. "ही पेटवता काय बरोबर खाली? ज्योतीत पण रिमोटसारखे किरण असतात, आपल्याला दिसत नाहीत, सेन्सरला दिसतात. मे बी त्यानं चकत असेल. जरा लांब ठेवून बघा." पैसे घेऊन जाता जाता त्याने वरून कौतुकही ऐकवलं. "आपला माल बघा, कुठलाही रिमोट चालतो याला. हा हरवला तर टीव्हीचा मारा. फक्त समोरून मारायचा, बाजूनी नाय घेत."

मी तेव्हा ते नुसतं ऐकलं. माझं सगळं लक्ष ज्योतीवर होतं. सासूबाईही ज्योतच लावतात आणि तेव्हा काही होत नाही, हे त्याला सांगायला मला लाज वाटली.

त्या संध्याकाळी समई देव्हाऱ्यातून काढून खाली पाटावर ठेवली. वाकले, दिवे गेले. दुसऱ्या दिवशी वाटलं, बांगड्या चमकत असतील. हिरवा चुडा काढायची सोय नव्हती, तो विषय काढला असता तर रविवारपर्यंतही थांबावं लागलं नसतं. मी मनगटापासून कोपरापर्यंत ओढणी गुंडाळली आणि सासूबाईंना सांगितलं, हात भाजलाय. दिवे गेले. मग साडी बदलली, जरीची नेसायचे ती साधी सुती नेसले. दिवे गेले. एकेक करून माझ्या अंगावरचं सगळं मी तपासलं. आता राहिले होते ती मीच.

शुक्रवारी मी नवऱ्याला लवकर घरी बोलावलं. म्हटलं, तू स्वतः बघ. तो आला, साइटवरच्या सिमेंटने पांढरा झालेला, आणि देव्हाऱ्यासमोर डोळ्यावर नजर रोखून उभा राहिला. मी दिवा लावला, हात जोडले, वाकले. दिवे गेले. त्याने बटण दाबून परत लावले आणि माझ्याकडे बघितलं.

"तू नेमकं करतेस काय?" त्याने विचारलं.

चिडून विचारलं असतं तर मी दोन ऐकवले असते. तो हळू आवाजात विचारत होता. त्या रात्रीच्या जेवणात मी मीठ घातलं नाही आणि कुणी बोलून दाखवलं नाही. मला एकटीला वाटणारी भीती आता त्याच्यापर्यंत पोचली होती.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. मी तिच्यात साड्या भरत होते आणि डोक्यात तेच दळण चालू होतं. तेल तेच, वात तीच, काडी तीच, वेळ तीच. मी करते आणि सासूबाई करत नाहीत असं काय? आणि साडीची घडी घालता घालता माझा हात थांबला. मी पाया पडते. सासूबाई दिवा लावतात तेव्हा कुणाच्याही पाया पडत नाहीत. ही एकच वस्तू मी बदलून बघितली नव्हती, कारण पाया पडायचं नाही असा विचारही डोक्यात येत नाही. आणि दिवे जायचे ते समई लावताना कधीच नाही. मी खाली वाकल्यावर जायचे, जेव्हा मला जमिनीशिवाय काही दिसत नसे.

मग मी वाकलेली असताना वर काय होत होतं?

संध्याकाळी दारात बॅग तयार, तिच्यावर सासूबाईंनी ठेवलेली ओटीची पिशवी. नवरा जीप घेऊन यायचा होता. हॉलचे दिवे आपोआप लागले. मी समई लावली. सासूबाई डोळे मिटून उभ्या राहिल्या, पुटपुटणं सुरू झालं. मागे टीव्हीचा आवाज बंद झाला, खुर्ची करकरली. सासरे देवाकडे वळले.

मी त्यांच्यासमोर गेले आणि वाकायला लागले. अर्ध्यावर थांबले. सासऱ्यांच्या तोंडाकडे सुनेने बघायचं नसतं, लग्नापासून मी कधी नीट बघितलंही नव्हतं. पदर मागे सारला आणि मान वर केली.

त्यांचा उजवा हात मांडीवर नव्हता.

तो वर येत होता. खांदा कानापर्यंत चढलेला, मानेच्या शिरा ताठ, ओठ दाताखाली, सगळं अंग त्या एका हाताला वर ढकलत होतं. वळलेल्या बोटांत रिमोट होता, कारण ती बोटं आपली आपण उघडत नसत. हात माझ्या डोक्याच्या वर आला, लटपटला, सगळा जीव मुठीत आला आणि अंगठा दाबला गेला. रिमोटचं तोंड सरळ देव्हाऱ्याकडे, त्याच्यावरच्या डोळ्याकडे होतं. दिवे गेले.

ते मला आशीर्वाद देत होते. रोज देत होते. मी वाकलेली, सासूबाईंचे डोळे मिटलेले, काल नवरा होता तर तो भिंतीकडे बघत होता. अंधार झाला की त्यांचा हात परत मांडीवर पडत असणार, आणि आपण आशीर्वाद दिला की दिवे जातात हे त्यांनाही दिसत असणारच. जीभ असती तर त्यांनी काय सांगितलं असतं कोण जाणे. समईच्या उजेडात त्यांचं तोंड मला दिसत होतं. ते घाबरलेलं होतं, अगदी माझ्यासारखंच.

मागे सासूबाई बोर्डाकडे निघाल्या. "आई, बटण नका दाबू," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की त्या थांबल्या.

सासऱ्यांचा हात खाली यायला लागला होता. मी तो धरला. सुनेने सासऱ्याचा हात धरायचा नसतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हात थंड होता, आणि एवढा जड की मला दोन्ही हात लावावे लागले. तो तसाच वर धरून मी माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला.

हॉलचे सगळे दिवे लागले.

मला वाटलं होतं, सासूबाई दिव्यांकडे बघतील. मी तोंड उघडून सांगणारच होते, टीव्हीचा रिमोट, समोरचा डोळा, कुठलाही रिमोट चालतो, माझा काही दोष नाही. त्यातलं शेवटचं वाक्य तर आठवडाभर पाठ केलेलं होतं. पण सासूबाईंनी दिव्यांकडे बघितलंच नाही.

"हात," त्या म्हणाल्या. "तुमचा हात."

मी हळूच माझे हात काढून घेतले. त्यांचा हात लटपटत क्षणभर तसाच वर राहिला आणि मग पडला.

सासूबाई जमिनीवर बसल्याच. पदर तोंडात धरून रडल्या, मग उठून माझा दंड धरला आणि मला पुढे ढकललं. "परत पाया पर, बाय. मना बघू दे."

मी परत वाकले. खांदा चढला, हात आला, दिवे गेले. "आनखी एकदा," सासूबाई अंधारात म्हणाल्या. मी वाकले. हात आला, दिवे आले. मग काय झालं कुणास ठाऊक, सासऱ्यांच्या घशातून एक आवाज निघाला आणि मला कळायला वेळ लागला की ते हसतायत. मी वाकत होते, उठत होते, बंगल्याचे दिवे जात होते आणि येत होते. समोरची शेजारीण, तीच ती कुंपणापलीकडची, ओट्यावर धावत आली. "लायटीला काय झाला गो?"

"लायटीला काय नाय झाला," सासूबाई म्हणाल्या. "यांचा हात आला हाय."

जीपचा हॉर्न वाजला तेव्हा नवरा आत येऊन बघतो तर बायको घामाघूम आणि आई-बाप दोघेही रडतायत. त्याला सगळं सांगायला बराच वेळ गेला. सासूबाईंनी माझी माफी वगैरे मागितली नाही. दारातली बॅग पायाने सरकवत एवढंच म्हणाल्या, "ही आत नेऊन ठेव. उद्या पोर आली का पाय अरकंल तिचा." मी नेऊन ठेवली. 'विझतं' हा शब्द मी त्यांना शेवटपर्यंत माफ केला नाही, पण त्यांच्या म्हातारपणी त्यांचं सगळं मीच केलं आणि मनापासून केलं. या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात.

नणंद रविवारी आली, तिचं सगळं नीट पार पडलं. नवरा म्हणाला, डोळ्याची जागा बदलून घेऊ, कारागिराला बोलावतो. सासूबाईंनी त्याला हात लावू दिला नाही. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे रोज संध्याकाळी तेच चालायचं. मी वाकले की दिवे जायचे, आणि मग आम्ही सगळे समईच्या उजेडात गप्प बसून राहायचो, सासऱ्यांनी हात परत वर नेऊन स्वतः दिवे आणेपर्यंत. हळूहळू तो हात खांद्याच्या वर जायला लागला, पुढे पुढे तर रिमोट खाली ठेवून नुसता तळवा डोक्यावर टेकवता येईल एवढी बोटंही मोकळी झाली. तरी ते रिमोट सोडायचे नाहीत. दिवे घालवायचे, आणि मिश्कील हसायचे.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. डोळा अजून आहे तिथेच आहे, चालतोही. संध्याकाळी मी समई लावते, हात जोडते आणि त्यांच्या फोटोपुढे वाकते. हॉलचे दिवे लागलेलेच राहतात. मला ते अजून आवडत नाही.